ग्लोब स्कोअर ०.६२ आला, म्हणजे आईकडे किती वर्षं आहेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निदानाच्या वेळी आईंचं वय ५४, वजन ६२ किलो. वर्षभरापूर्वी अंगाला खाज सुटते म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, मग कुणीतरी लिव्हर फंक्शन टेस्ट सांगितली आणि अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी, ५२० निघालं. एएमए ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळ्या, निदान प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजेच पीबीसी. शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्या लहान पित्तनलिकांवर उलटते तो हा आजार. तेव्हापासून उर्सोची ३०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. वर्षानंतरचा रिपोर्ट असा: बिलिरुबिन ०.८, एएलपी २१०, अल्ब्युमिन ३.९, प्लेटलेट १ लाख ९० हजार. लॅबने एएलपीची वरची मर्यादा १०५ दिली आहे. हे आकडे तुम्ही ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरले, पीबीसीतला पुढचा धोका सांगणारा ग्लोब स्कोअर ०.६२ आला, ०.३० च्या वर म्हणजे धोका जास्त असं वाचलं आणि झोप उडाली. विचारलंय ते असं: आईकडे किती वर्षं आहेत? थकवा वाढलाय, म्हणजे आजार वाढलाय का? एएनए ही दुसरी अँटिबॉडीसुद्धा पॉझिटिव्ह आहे, म्हणजे दोन आजार आहेत का? आणि हे मला होईल का?

माझं मत आधी सांगतो. तो ०.६२ सध्या बाजूला ठेवा. तुम्ही चुकीचा काढलेला नाही, मी कागदावर पुन्हा मांडून पाहिला, बरोबर आहे. पण पीबीसीत रुग्णाचं पुढे काय होईल हे निदानाच्या दिवशीच्या रिपोर्टवरून फारसं कळत नाही. औषधाला आजार कसा प्रतिसाद देतो, यावरून ते कळतं. आणि आईंच्या आजाराला औषध अजून पुरेसं मिळालेलंच नाही.

हिशेब करा. पीबीसीत उर्सोची, म्हणजे उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची, मात्रा दिवसाला किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम. ६२ किलोला ती ८०० ते ९३० च्या दरम्यान येते. आई घेताहेत ६००, म्हणजे किलोमागे जेमतेम १०. ‘तीनशे-तीनशे’ ही आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर हाताला बसलेली मात्रा आहे. पित्ताशयातल्या खड्यांपासून फॅटी लिव्हरपर्यंत कशालाही तीच लिहिली जाते. बारीक अंगाच्या ४२ किलोच्या बाईला ती पुरेल, तुमच्या आईंना नाही. ३०० च्या तीन गोळ्या केल्या की मात्रा बरोबर बसते. स्वतःहून वाढवू नका, पण पुढच्या भेटीत वजन आणि हा हिशेब डॉक्टरांसमोर ठेवा. कुणीही समजूतदार डॉक्टर यावर रागावणार नाही. दुसरं, खाजेसाठी कोलेस्टिरॅमिनची पावडर चालू असेल तर ती आणि उर्सो यांत चार तासांचं अंतर हवं. नाहीतर पावडर उर्सोलाही धरून ठेवते आणि गोळी घेतली तरी पोटातच वाया जाते. रुग्ण ‘औषधाला दाद देत नाही’ असं ठरवण्याआधी या दोन गोष्टी मी दरवेळी विचारतो, आणि बऱ्याचदा तिथेच उत्तर सापडतं.

आता स्कोअरकडे. हे स्कोअर आले कुठून ते कळलं की त्यांची भीती निम्मी होते.

उर्सो येण्याआधी पीबीसीत भाकीत करणं क्रूर पण सोपं होतं, बिलिरुबिन पाहायचं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात बिलिरुबिन सातत्याने २ च्या वर गेलेले रुग्ण सरासरी चार वर्षं जगले, ६ च्या वर गेलेले दोन वर्षं, १० च्या वर गेलेले सरासरी जेमतेम दीड वर्ष. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने वय, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि अंगावरची सूज असे पाच घटक घेऊन पहिला नावाजलेला स्कोअर तयार केला. हे सगळे आकडे औषध नसलेल्या काळातले, तेही आजार बराच पुढे गेलेल्या माणसांचे. इंटरनेटवर ते अजून फिरत असतात. त्याच काळात या आजाराच्या नावात ‘सिऱ्होसिस’ (यकृत वण पडून आक्रसणं) होतं, २०१५ च्या सुमारास ते काढलं, कारण आज निदान होणाऱ्या बहुतेकांना सिऱ्होसिस झालेला नसतो. तुम्ही वाचलेली काही पानं त्या जुन्या नावाची असतील तर तिथले आकडे आईंना लावू नका.

आजच्या रुग्णाचं बिलिरुबिन निदानाच्या वेळी बहुधा नॉर्मल असतं. ते वाढायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून संशोधकांनी आधीची खूण शोधली, उर्सो सुरू करून एक वर्षाने एएलपी कुठे आलं. आणि इथे गंमत सुरू होते, कारण प्रत्येक केंद्राने आपापली रेषा आखली.

आईंचाच रिपोर्ट घेऊ. बार्सिलोनाच्या २००६ च्या निकषात एएलपी ४० टक्क्यांहून जास्त उतरलं किंवा नॉर्मल झालं की प्रतिसाद चांगला. ५२० वरून २१०, म्हणजे जवळपास ६० टक्के उतरलं. पास. पॅरिसच्या २००८ च्या निकषात एएलपी मर्यादेच्या तिपटीच्या आत, एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) दुपटीच्या आत आणि बिलिरुबिन १ पर्यंत हवं. एएसटी तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते ठीक असेल तर इथेही पास. त्याच पॅरिसच्या गटाने २०११ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी रेषा कडक केली, एएलपी दीडपटीच्या आत. आईंचं दुप्पट आहे. नापास. टोरांटोची रेषा १.६७ पट. नापास. बाई एकच, रक्त एकच, कुणाचा निकष उघडला त्यावर निकाल. म्हणूनच ‘प्रतिसाद आहे की नाही’ या हो-नाहीच्या भाषेवर माझा फारसा विश्वास नाही. एएलपी १.४ पट असलेली आणि १.६ पट असलेली बाई यांच्या यकृतात काही भिंत नसते.

ग्लोब स्कोअर २०१५ मध्ये आला तो या हो-नाहीतून सुटका करायला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांनी आपापले रुग्ण एकत्र केले आणि पाच गोष्टी निवडल्या. उर्सो सुरू करतानाचं वय आणि वर्षानंतरचं बिलिरुबिन, एएलपी, अल्ब्युमिन, प्लेटलेट. यात बिलिरुबिन, एएलपी आणि अल्ब्युमिन हे थेट आकडे म्हणून जात नाहीत, तुमच्या लॅबच्या मर्यादेच्या किती पट आहेत तसे जातात. ही बारीकशी गोष्ट काय करते ते पाहा. आईंच्या लॅबची एएलपीची मर्यादा १०५ आहे, म्हणून २१० हे २ पट झालं आणि स्कोअर ०.६२ आला. समजा तोच रिपोर्ट अशा लॅबचा असता जिथे मर्यादा १३० छापतात. मग २१० हे १.६ पट, आणि स्कोअर ०.५५. आता ०.३० ही सगळ्यांसाठीची ढोबळ रेषा आहे, पण त्याच संशोधकांनी वयोगटाप्रमाणे वेगळ्या रेषाही दिल्यात. त्यांचा अर्थ असा की, या रेषेच्या खाली असलेल्या रुग्णाचं आयुष्य त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकंच धरायला हरकत नाही. ५२ ते ५८ वयाला ही रेषा ०.६० आहे. म्हणजे एका लॅबच्या रिपोर्टने आई रेषेच्या वर, दुसरीच्या रिपोर्टने खाली, आणि रक्तात काडीचा फरक नाही.

आणखी एक. या सूत्रात अल्ब्युमिनचं वजन भारी आहे. ते ३.९ चं ३.५ झालं की स्कोअर पाव अंकाने वर जातो. एएलपी निम्मं झालं तरी स्कोअर तेवढा खाली येत नाही. प्लेटलेट १ लाख ९० हजारांवरून ८० हजारांवर आले की जवळजवळ तेवढाच फरक पडतो. आता आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंगीने प्लेटलेट उतरलेलं घर शोधावं लागत नाही. तापातून उठल्या उठल्या केलेला रिपोर्ट या कॅल्क्युलेटरमध्ये भरला तर यकृताचा काही दोष नसताना स्कोअर चढेल. कुठल्याही तीव्र दुखण्यात अल्ब्युमिनही उतरतं. म्हणून स्कोअरसाठी रक्त द्यायचं ते रुग्ण धडधाकट असताना, नेहमीच्याच लॅबमध्ये, आणि एका रिपोर्टवर न थांबता दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा. एएलपीबद्दलही हीच काळजी. ते हाडांतूनही येतं. पाळी गेलेल्या, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बाईचं एएलपी थोडं वाढलेलं राहिलं तर सगळा दोष यकृतावर टाकण्याआधी जीजीटी (हाडांतून न येणारं यकृताचं एन्झाइम) पाहावं. जीजीटी नॉर्मल आणि एएलपी वाढलेलं असेल तर आधी हाडांकडे बघा.

बिलिरुबिनबद्दल मात्र असा सैलपणा नको. २०१४ मध्ये ४८४५ रुग्णांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. वर्षानंतर एएलपी मर्यादेच्या दुपटीच्या आत असलेल्यांत दहा वर्षांनी प्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेले ८४ टक्के, दुपटीच्या वर असलेल्यांत ६२ टक्के. बिलिरुबिन नॉर्मल असलेल्यांत ८६ टक्के, वाढलेल्यांत ४१. ही दुसरी दरी पाहा. आईंचं बिलिरुबिन ०.८ आहे ही तुमच्या पूर्ण रिपोर्टमधली सर्वात चांगली बातमी आहे, आणि तुम्ही तिच्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. अर्थात ‘नॉर्मल’मध्येही वरच्या टोकाला असणाऱ्यांना खालच्या टोकापेक्षा धोका थोडा जास्त असतो हे नंतर दिसून आलंय. म्हणून ०.८ चं पुढच्या वर्षी ०.९, मग १.१ असं होत गेलं तर लॅब ‘नॉर्मल’ छापत असली तरी मी कान टवकारतो. गिल्बर्ट सिंड्रोम हा निरुपद्रवी प्रकार असणाऱ्यांचा अपवाद, त्यांचं बिलिरुबिन जन्मजात कारणाने थोडं जास्तच असतं. डायरेक्ट-इनडायरेक्ट वेगळं केलं की ते कळतं.

या टक्केवाऱ्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे यांत यकृताने गेलेलेच धरलेले नसतात. हार्ट अटॅकने गेलेली सत्तरीतली बाईही मोजली जाते, आणि प्रत्यारोपण होऊन उत्तम जगणारीसुद्धा. दुसरं, हे रुग्ण मोठ्या संस्थांमधले, बहुतेक गोरे. आपल्याकडे आजार बऱ्याचदा उशिरा सापडतो, मात्रा कमी पडते, औषध मध्येच बंद होतं. त्यामुळे कुणाला धोका जास्त आणि कुणाला कमी हा क्रम लावायला हे स्कोअर आपल्याकडेही कामाचे आहेत. ‘दहा वर्षांत अमुक टक्के’ हा आकडा मात्र मी रुग्णाला तोंडावर सांगत नाही. शंभर जणींपैकी किती, हे तो सांगतो. त्या शंभरांत तुमची आई कुठे बसली आहे, हे सांगत नाही.

मग मी स्कोअरशिवाय काय बघतो? फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय हे मोजणारी तपासणी. पीबीसीत ९.६ किलोपास्कलच्या वरचा कडकपणा आणि पुढची गुंतागुंत यांचं नातं २०१२ मध्येच दाखवलं गेलंय, आणि एका आकड्यापेक्षा दर एक-दोन वर्षांनी तो कुठे सरकतोय हे जास्त बोलकं असतं. तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं हवं. पोटभर जेवून गेलेल्या माणसाचं यकृत मशीनला खरोखर कडक लागतं. आईंचा फायब्रोस्कॅन झालेला दिसत नाही. माझ्या मते ग्लोब स्कोअरपेक्षा तो आधी करायला हवा होता. जमलं तर अँटी-जीपी२१० आणि अँटी-सेंट्रोमिअर या दोन अँटिबॉडी. पहिली असलेल्यांत आजार पुढे सरकून यकृत निकामी होण्याकडे कल जास्त, दुसरी असलेल्यांत पोर्टल हायपरटेन्शनकडे (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढण्याकडे). लाइन इम्युनोअसेच्या पट्टीवर त्या एएमएसोबतच येतात, बहुधा आईंच्या जुन्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर असतीलही, शोधा. एएमए पुन्हा करू नका. तिचा टायटर (रक्तातलं प्रमाण) वाढला-घटला याला भाकितात काही किंमत नाही, पैसे मात्र जातात.

आता थकवा. पीबीसीतला थकवा आणि यकृताची अवस्था यांचा मेळ बसत नाही. रिपोर्ट सुंदर असलेली बाई दुपारी दोनला अंथरुणाला खिळते आणि सिऱ्होसिस झालेली दुसरी शेतावर जाऊन येते, दोन्ही मी पाहतो. उर्सोने थकवा कमी होत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं. तेव्हा आईंचा थकवा वाढला यावरून यकृत बिघडलं असं धरू नका. पण ‘या आजारात थकवा असतोच’ म्हणून सोडूनही देऊ नका. थायरॉइड बघा, हिमोग्लोबिन बघा, झोप बघा. पीबीसीसोबत थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार बऱ्याच जणींना असतो आणि त्यावर औषध आहे. खाजेचंही साधारण असंच. फक्त तरुण वयात, भयंकर खाज आणि झपाट्याने चढणारं बिलिरुबिन असा प्रकार असेल तर लहान पित्तनलिका वेगाने नाहीशा होण्याचा एक दुर्मीळ उपप्रकार असतो. आईंच्या रिपोर्टमध्ये त्याची काही खूण नाही.

एएनए पॉझिटिव्ह आहे म्हणून दुसरा आजार, असं नाही. पीबीसीच्या कितीतरी रुग्णांत एएनए असतंच. वर ज्या जीपी२१० आणि सेंट्रोमिअरचा उल्लेख केला तीही एएनएचीच रूपं. ऑटोइम्यून हेपॅटायटिसही (प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवरच उलटते तो आजार) सोबत आहे असं म्हणायला एएलटी (एएसटीसारखंच यकृताचं एन्झाइम) मर्यादेच्या पाचपट किंवा जास्त, आयजीजी (रक्तातली एकूण अँटिबॉडी प्रथिनं) दुप्पट किंवा स्मूथ मसल अँटिबॉडी, आणि बायोप्सीत तशी सूज, यांपैकी किमान दोन गोष्टी लागतात. बायोप्सीतली सूज तर हवीच. एएनएच्या एका ओळीवर स्टिरॉइड सुरू करून घेऊ नका.

हे इतकं स्पष्ट लिहितोय कारण ऑटोइम्यून हेपॅटायटिसचं भाकीत पूर्ण वेगळ्या रीतीने चालतं आणि लोक दोन्ही आजारांचे सल्ले एकत्र कालवतात. तिथे सुरुवातीला एएलटी हजारावर असलेला, पिवळाधमक झालेला रुग्ण बघून घरचे हादरतात, पण तो आकडा भविष्य सांगत नाही. स्टिरॉइड सुरू झाल्यावर ते किती वेगाने उतरतं हे सांगतं. आठ आठवड्यांत एएसटी ८० टक्क्यांनी उतरलं तर सहा महिन्यांत आणि वर्षात सगळं नॉर्मल होण्याची शक्यता चांगली. चार आठवड्यांत निम्मंही उतरलं नाही तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या व्याख्येप्रमाणे तो प्रतिसाद नव्हे, आणि मग निदानच पुन्हा तपासायचं. सहा महिन्यांत एएलटी, एएसटी आणि आयजीजी तिन्ही नॉर्मल हे ध्येय. ‘जवळजवळ नॉर्मल’ चालत नाही, कारण एएलटी ६०-७० वर रेंगाळत ठेवलेल्या रुग्णाचं यकृत आतून हळूहळू घट्ट होत राहतं. सुमारे तिघांतल्या एकाला निदानाच्या वेळीच सिऱ्होसिस असतो, तरीही औषधाला दाद मिळाली तर गाडी बरीच वर्षं नीट चालते. फायब्रोस्कॅन मात्र सूज असताना करू नये. तो सुजेलाच कडकपणा समजतो, सहा महिने थांबावं. आणि सगळं नॉर्मल झालं म्हणून औषध स्वतःहून बंद करणारे रुग्ण आजार उलटून परत येतात. तशांचं प्रमाण निम्म्याहून कितीतरी जास्त आहे.

एक प्रकार तिथेही तासांच्या हिशेबाने चालतो. तीव्र स्वरूपात आलेला, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला रुग्ण. अशा वेळी स्टिरॉइड दिल्यावर तिसऱ्या दिवशी आयएनआर आणि बिलिरुबिन कुठल्या दिशेने गेले यावर प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा की नाही हे ठरतं. २०२१ मध्ये आलेला सर्फासा स्कोअर हेच मोजतो. अशा रुग्णाला ‘आठवडाभर वाट बघू’ म्हणणं धोक्याचं.

गुळवेलीबद्दल इथेच बोलून टाकतो, कारण प्रतिकारशक्तीसाठी काढा घेणाऱ्या घरांत हा विषय हमखास निघतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पण पुढे देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतूनही तसेच रुग्ण नोंदले गेले. ज्याला ऑटोइम्यून यकृताचा आजार आहे त्याने ती घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगतो. आईंच्या स्वयंपाकघरात बाटली असेल तर काढून ठेवा.

यकृताच्या ऑटोइम्यून आजारांतला तिसरा, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस म्हणजे पीएससी, आईंना नाही, पण नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. २०१३ मध्ये तिथे एका मोठ्या भूभागातले सगळे पीएससी रुग्ण शोधून काढले, फक्त मोठ्या इस्पितळांतले नव्हेत. निदानापासून प्रत्यारोपणापर्यंत किंवा पीएससीने मृत्यू येईपर्यंतचा मध्यकाळ २१.३ वर्षं निघाला. प्रत्यारोपण केंद्रांतल्या रुग्णांपुरतं पाहिलं तर तोच १३.२. आजार तोच, देश तोच. मोठ्या केंद्रात बिघडलेले रुग्णच जास्त जातात, म्हणून तिथला आकडा उदास. तुम्ही वाचता ती बहुतेक आकडेवारी अशाच केंद्रांतून येते. पीएससीत आणखी एक अडचण अशी की एएलपी आपोआप चढ-उतार करतं, आणि पित्तनलिकेचा कॅन्सर कुठल्याही स्कोअरला न जुमानता येऊ शकतो, त्यातही निदानानंतरच्या पहिल्या वर्षात जास्त. त्यामुळे तिथे भाकितापेक्षा नियमित एमआरआय आणि आतड्याची सूज असेल तर दरवर्षी कोलोनोस्कोपी हेच महत्त्वाचं.

पुन्हा आईंकडे. योग्य मात्रेत उर्सो सहा महिने ते वर्षभर घेऊनही एएलपी दीडपटीच्या वर राहिलं तर पुढचं औषध जोडायचं. आपल्याकडे सहसा फेनोफायब्रेट वापरलं जातं, स्वस्त आहे, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं. त्याच जातीच्या बेझाफायब्रेटची फ्रान्समधली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उर्सो अपुरं पडलेल्या १०० रुग्णांत दोन वर्षांनी सगळे आकडे नॉर्मल झालेले ३१ टक्के, नुसत्या उर्सोवर एकही नाही. एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेल्पार ही नवी औषधं २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ओबेटिकोलिक आम्ल कुणी सुचवलं तर जरा थांबा. २०१६ मध्ये त्याला एएलपी उतरवतं या आधारावर सशर्त परवानगी मिळाली होती. पण पुढच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही, सिऱ्होसिस पुढे गेलेल्यांत अपाय दिसले, आणि २०२४ मध्ये युरोपने परवानगी मागे घेतली. एएलपी धोका ओळखायला चांगलं आहे. ते खाली आणणारं प्रत्येक औषध धोका खाली आणतंच असं नाही.

बिलिरुबिन ३ च्या वर जाऊन तिथेच राहिलं, पोटात पाणी झालं, किंवा मेल्ड स्कोअर (यकृत किती निकामी झालंय हे मोजणारा) १५ ला पोचला, तर ग्लोबचं काम संपतं आणि प्रत्यारोपण केंद्रात नाव घालायची वेळ येते. तिथेही एक खाचखळगा आहे. सिऱ्होसिस किती गंभीर ते ए, बी, सी वर्गांत सांगणाऱ्या नेहमीच्या चाइल्ड-प्यू तक्त्यात बिलिरुबिन ३ च्या वर गेलं की पूर्ण ३ गुण मिळतात. पित्तनलिकांच्या आजारांत तीच रेषा १० वर धरतात आणि ४ पर्यंत १ च गुण देतात, कारण या आजारांत बिलिरुबिन यकृताची ताकद जाण्याआधीच चढतं. साधा तक्ता लावून रुग्णाला विनाकारण ‘सी’ वर्गात टाकलेलं मी पाहिलंय. आईंना यातलं काहीही सध्या लागू नाही.

‘किती वर्षं’ याचं उत्तर मी तुम्हाला आकड्यात देत नाही, पण टाळतही नाही. पन्नाशीतलं वय, बिलिरुबिन नॉर्मल, अल्ब्युमिन आणि प्लेटलेट चांगले, अपुऱ्या मात्रेतसुद्धा एएलपी ६० टक्के उतरलेलं. फायब्रोस्कॅन ९.६ च्या आत आला आणि ९०० वर एएलपी आणखी उतरलं, तर यकृत हे आईंच्या आयुष्याचा निर्णय करणारा अवयव ठरण्याची शक्यता मला कमी वाटते. मग हाडं, रक्तदाब, साखर यांचीच काळजी जास्त करायची. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झालेला नसेल तर करून घ्या. फायब्रोस्कॅन १५ च्या वर आला तर माझं बोलणं वेगळं असेल, तेव्हा एंडोस्कोपी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरू होईल.

तुमच्याबद्दल. पीबीसी असलेल्या बाईच्या मुलींना आणि बहिणींना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण आजारच मुळात इतका कमी आढळतो की बहुतेकींना तो होत नाही. तिशी ओलांडली असेल तर एकदा लिव्हर फंक्शन टेस्ट करा आणि एएलपी पाहा. ते वाढलेलं आलं तरच एएमए. नॉर्मल आलं तर काही वर्षांनी नेहमीच्या तपासणीत पुन्हा बघितलं तरी पुरे. मावशी असेल तर तिलाही सांगा.